साडीचं काय चुकलं?

आमच्या दुकानातून साडी विकली गेली, तर निकम अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. साडी परत आली, की मात्र ते खुर्चीतून उठतात, हात धुतात, पंच्याला पुसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि गिऱ्हाइकाला फोन लावतात.

"नमस्कार. साडीच्या दुकानातून निकम बोलतोय. तुमचे पैसे परत केलेत, ते येतीलच, काळजी नसावी. फक्त एक विचारायचं होतं. साडीचं काय चुकलं?"

पलीकडच्या बाईला आधी वाटतं, हा फसवणुकीचा फोन आहे. मग वाटतं, हा माणूस आता पैसे अडवणार. अण्णा दोन्ही शंका शांतपणे ऐकून घेतात. "नाही, तसं काही नाही," म्हणतात, आणि पुन्हा विचारतात, "साडीचं काय चुकलं, तेवढं सांगा."

नाशिकला गंगापूर रोडला आमचं दुकान आहे असं मी सगळ्यांना सांगते, पण तुम्ही शोधत आलात तर तुम्हाला दुकान दिसणार नाही. एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत साड्या, दुसरीत आम्ही. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणि सुती साड्या आणायच्या, फोटो काढून साइटवर टाकायच्या आणि कुरिअरने गावोगाव पाठवायच्या, असा आमचा धंदा. फोटो आणि साइट माझी नणंद पल्लवी बघते. खरेदी, पॅकिंग, कुरिअरवाल्यांशी भांडण आणि बाकी सगळं माझ्याकडे. मी यादीशिवाय पाणीही पीत नाही, असं पल्लवी चारचौघांत सांगते. ते खोटं आहे. पाणी यादीत आहे.

हिशेब अण्णांकडे. अंबडच्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मुलाखतीला येताना ते स्वतःचं पंचिंग मशीन घेऊन आले होते. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाले, "लोकांची मशिनं भोकं वाकडी पाडतात." मला माणूस तिथेच पसंत पडला. परतीच्या साड्यांबद्दल मी काही विचारलं नाही, कारण तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता. आता आहे.

ऑनलाइन साडी विकणं म्हणजे अर्धं काम साडी परत घेण्याचं. हात न लावता घेतलेली वस्तू हातात आल्यावर माणूस विचार करायला लागतो, आणि विचार केला की साडी परत येते. पैसे परत द्यायचे, क्रेडिट नोट करायची, नोंद करायची, पुढच्या कामाला लागायचं. जगात सगळीकडे असंच चालतं. आमच्याकडे कुरिअरवाला परतीचं पार्सल टेबलावर टाकून गेला, की आतून अण्णांचा आवाज येतो, "कोण आली माहेरी?"

परत आलेल्या साडीला ते 'रिटर्न' म्हणत नाहीत, 'परतावा' म्हणत नाहीत. साडी माहेरी आली, असंच म्हणतात. मग टेबलावर पांढरी चादर अंथरून तिची घडी उघडायची, काठावरून हात फिरवायचा, पदर उजेडात धरायचा आणि शेवटी नाकाजवळ न्यायचा. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मी पल्लवीकडे बघितलं आणि पल्लवीने छताकडे बघितलं.

"ही मांडवात जाऊन आलीय," अण्णा म्हणाले.

"कशावरून?"

त्यांनी घडी झटकली. चादरीवर चार अक्षता पडल्या.

साइटवर त्या बाईने परतीचं कारण दिलं होतं, 'रंग आवडला नाही'. अण्णांनी हात धुऊन फोन लावला. नमस्कार वगैरे झाला. साडीचं काय चुकलं, तर रंग चुकला म्हणे.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "लग्नाच्या फोटोत कसा आला रंग?"

पलीकडून बारीक आवाजात, "छान आला."

"हां," अण्णा म्हणाले. राग नाही, टोमणा नाही. फोन ठेवला आणि नोंदीत कारण लिहिलं, 'रंग लग्नानंतर नावडता झाला'.

हे त्यांचं खास. कारण मिळाल्याशिवाय ते परतीची नोंद पुरी करत नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच दिवशी परत करतात, तिथे ढिलाई नाही. पण नोंद अर्धवट ठेवतात. "पैसे परत जातात ताई, कारण इथं राहायला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. ही सवय कारखान्यातली. तिथे परत आलेल्या पंपाला एक चिठ्ठी बांधलेली असायची. वॉशर गळतो, भोक वाकडं, आवाज करतो. चिठ्ठीशिवाय माल आत घ्यायचाच नाही, असा तिथला शिरस्ता. "लोखंडाचा पंप परत करताना लोक दोन ओळी लिहितात," अण्णा म्हणतात, "आणि एवढी विणलेली साडी परत करताना गप बसतात. हे बरं नाही."

आता साइटवर कारणांची तयार यादी असते, तिच्यातलं एक निवडायचं असतं. रंग वेगळा, पोत वेगळा, उशिरा मिळाली आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. दहातल्या आठ बायका 'इतर' निवडतात. या एका शब्दावर अण्णांचा जेवढा राग आहे तेवढा मी त्यांचा दुसऱ्या कशावर पाहिलेला नाही.

"इतर म्हणजे काय? इतर हे कारण नाही, पळवाट आहे. माणूस मेल्यावर डॉक्टर लिहितो का, मृत्यूचं कारण इतर?"

म्हणून फोन. आणि फोनवर त्यांना जी कारणं मिळतात ती कुठल्याही यादीत बसणारी नसतात. एका बाईने साडी परत केली, कारण ती सासूला आवडली. हे अण्णांना पहिल्यांदा कळेना, मलाही कळेना. अर्ध्या तासाने उलगडा झाला. सासूला आवडली म्हणजे ती आता सासू नेसणार, आणि सून सासूची साडी बघत बसणार. त्यापेक्षा साडी घरातच नको. "बरोबर कारण आहे," अण्णा म्हणाले, आणि समाधानाने नोंद पुरी केली.

दुसरीने ब्लाउज पीस कापून घेतला आणि उरलेली साडी परत पाठवली. त्या दिवशी अण्णांनी साडी दोनदा उलगडली, टेपने मोजली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे? अण्णा सटाण्याकडचे. एरवी आमच्याशी आणि गिऱ्हाइकांशी अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी बोलतात. अहिराणी फक्त तोल गेला की बाहेर पडते, आणि तोल वर्षातून एखाद्या वेळीच जातो. साडी पूर्ण परत आली असं लिहायचं की अपूर्ण, यावर त्यांचा आणि पल्लवीचा दोन दिवस वाद झाला. शेवटी त्यांनी निम्मे पैसे परत केले आणि लिहिलं, 'साडी माहेरी. ब्लाउज सासरीच.'

लोकांना हे फोन आवडतात का? एकीने साइटवर दोन तारे देऊन लिहिलं, 'पैसे मिळाले, पण एका काकांनी फार चौकशी केली.' दुसरीने पाच तारे देऊन लिहिलं, 'साडी ठीक. काका छान.' पल्लवीने मला पहिला शेरा दाखवला. दुसरा मी शोधून काढला.

पल्लवीचं आणि अण्णांचं खरं भांडण मात्र फोनवरून नव्हतं. ते होतं पुसण्यावरून. साडी विकली, परत आली, पैसे दिले. म्हणजे पल्लवीच्या मते काही झालंच नाही. ती विक्री काढून टाकायची, महिन्याचा आकडा साफ दिसतो. अण्णांना हे ऐकवत नसे.

"पल्लवीताई, त्या बाईने हजार दुकानांतून तुमचं दुकान निवडलं. पैसे भरले. तुम्ही साडी बांधली, ती प्रवास करून गेली, आली. हे सगळं झालंय. विक्री विक्रीच्या जागी राहू द्या. खाली वेगळं लिहा, परत आली. वजाबाकी करा, पुसू नका."

"पण अण्णा, शेवटी आकडा तोच येतो ना?"

"आकडा तोच येतो. गोष्ट तीच राहत नाही."

आमच्या सीएने अण्णांचीच बाजू घेतली, तेव्हा पल्लवी चार दिवस अण्णांना चहा विचारेना. अण्णांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते हिशेब जुळल्याशिवाय चहा घेतच नाहीत, आणि त्या चार दिवसांत हिशेब जुळला नव्हता.

अखेर पल्लवीने सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. परतीचं पार्सल स्कॅन केलं की पैसे आपोआप परत, क्रेडिट नोट आपोआप, नोंद आपोआप. अण्णांच्या पद्धतीनेच, विक्री वेगळी आणि परत वेगळी. त्यात तिने अण्णांचा मान ठेवला होता. फक्त अण्णा लागणार नव्हते. मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. सॉफ्टवेअरची बाजू लांब झाली. अण्णांच्या बाजूला 'स्वभाव' एवढंच लिहिता आलं, आणि ते जमेचं की खर्चाचं हे मला ठरवता येईना. एप्रिलपासून नवी पद्धत, असं मी ठरवलं आणि अण्णांना सांगितलं. असली कामं मी सकाळी पहिल्यांदा उरकते.

अण्णांनी ऐकून घेतलं. पंचिंग मशीनमधल्या कागदाच्या टिकल्या हातावर काढल्या आणि डब्यात टाकल्या.

"फोन कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"फोन नाही करायचे आता."

"बरं." मग म्हणाले, "आखाजीपर्यंत राहू द्या. मग बघा."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बागलाण-खानदेशात तो लेकींचा सण. झोके बांधतात, आणि सासरी दिलेल्या मुलींना माहेरी आणायला माहेरचा माणूस जातो, मुराळी म्हणून. आमच्या धंद्यात ती विक्रीची वेळ. मला वाटलं, मोसम पार पडावा म्हणून म्हणतायत. इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला आणखी एक विचारलं. "ताई, पस्तिशीच्या बाईला डाळिंबी रंग शोभेल का?"

मी खूश झाले. जाता जाता का होईना, अण्णा विक्रीत लक्ष घालायला लागले. मी म्हटलं, "गोरी की सावळी?"

"माझ्यासारखी," म्हणाले. आणि लगेच, "म्हणजे सावळी."

"मग डाळिंबीच."

आखाजी झाली. ऊन असं की कुरिअरवाला जिन्यातच बसून पाणी मागायचा. अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि ते पंचिंग मशीन पिशवीत घालून घरी गेले. पल्लवीने सॉफ्टवेअर चालू केलं. सगळं आपोआप व्हायला लागलं. आपोआप पैसे परत, आपोआप नोंद, आणि कारणाच्या जागी खालून वरपर्यंत 'इतर, इतर, इतर'. एकाच प्रकारची सुती साडी पुन्हापुन्हा माहेरी येऊ लागली आणि का येते ते कुणालाच कळेना. मी चादर अंथरून बसले. हात फिरवला. काही दिसेना. शेवटी एका बाईला मी फोन केला. "काही नाही हो, काठाला खिळा लागल्यासारखा धागा ओढलेला होता. एवढ्याशासाठी काय सांगायचं, म्हणून इतर टाकलं." आमच्याच रॅकला एक खिळा वर आला होता. तो मी ठोकला, आणि माझ्या कागदावर 'स्वभाव' हा शब्द शेवटी जमेच्या बाजूला नेला.

तेवढ्यात पल्लवीने हाक मारली. "वहिनी, इकडे या. ही एक बाई बघा."

पडद्यावर एक नाव लाल झालं होतं. रोहिणी पवार, सोलापूर. सॉफ्टवेअरने तिला धोक्याचं गिऱ्हाईक ठरवलं होतं. दर दिवाळीला आणि दर आखाजीला साडी मागवायची, आणि कुरिअरवाला दारात गेला की घेत नाही म्हणायचं. पैसे परत मागत नाही. ते तसेच आमच्याकडे तिच्या नावावर जमा, त्यातूनच पुढची साडी. गेली काही वर्षं हेच चाललेलं. अण्णांनी प्रत्येक वेळी नोंद अर्धीच ठेवलेली. विक्री आहे, परत आहे, कारण नाही.

"आणि गंमत म्हणजे," पल्लवी म्हणाली, "कुरिअरचं दोन्हीकडचं भाडं दर वेळी कुणीतरी भरतंय. आपल्याला तोटा नाही. पण हे काय खूळ आहे? ब्लॉक करू का हिला?"

या वेळचं पार्सल टेबलावर आलेलंच होतं. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. मीच बांधलेलं होतं ते. डाळिंबी.

तो रंग बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. डाळिंबी साड्या आम्ही ढिगाने विकतो. मी यादीत लिहिलं, 'सोलापूरच्या बाईंना समज', आणि फोन लावला.

"नमस्कार. नाशिकहून, साडीच्या दुकानातून बोलतेय. रोहिणीताई का? तुम्ही आमच्याकडे दर वेळी साडी मागवता आणि घेत नाही. तसं करू नका हो. नको असेल तर मागवू नका."

"मी काही मागवलेलं नाही," ती म्हणाली.

"तुमच्या नावावर आहे."

"नाव माझं आहे." मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "तुमच्याकडे निकम म्हणून आहेत ना? हिशेबाला?"

"हो. अण्णा. तुम्ही ओळखता?"

"वडील आहेत माझे."

मी खुर्ची ओढून बसले.

तिने फार काही सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते अगदी सरळ आवाजात, वडिलांसारखंच. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. अण्णा लग्नाला गेले नाहीत, नंतरही बोलले नाहीत. आई होती तोवर आई चोरून फोन करायची. आई गेली आणि त्यानंतरच्या आखाजीला पहिलं पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही, मागून फोन नाही.

"मला वाटलं, साडी पोचली का म्हणून तरी विचारतील. कुणी विचारलं नाही. म्हणून पुढच्या वेळेपासून घेतलीच नाही. आखाजीला मुराळी येतो हो. कुरिअरवाला येत नाही."

माझ्याकडे तयार प्रश्न एकच होता, तोही माझा नव्हता. मी विचारलं, "साडीचं काही चुकलं का?"

ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "माझ्या जावेने तुमच्याकडची साडी घेतली होती. परत केली. तिला त्यांचा फोन आला. तिला काय माहीत कोण बोलतंय. चांगला अर्धा तास बोलत होते तिच्याशी. काठ कसा होता, पदर कसा होता, काय चुकलं. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. सगळा आवाज ऐकू येत होता. सगळ्यांना फोन करतात. मी इतक्या वेळा परत केली. मला एकदाही नाही."

संध्याकाळी मी आणि पल्लवी अण्णांकडे गेलो. अंबडच्या वाटेवर सिडकोत त्यांचं छोटं घर आहे. अण्णा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, एखाद्या निवृत्त गुप्तहेरासारखे. डोळ्यात औषध टाकलेलं असल्यामुळे वाचायला बंदी, टीव्हीला बंदी, मोबाइलला बंदी. शेजारच्या बाईंनी डबा आणून ठेवला होता. स्टुलावर पंचिंग मशीन होतं. ते का होतं, मी विचारलं नाही.

मी मुद्द्यांप्रमाणे सुरुवात केली. पहिला मुद्दा, सॉफ्टवेअर राहील. दुसरा मुद्दा, अण्णाही राहतील. आकडे त्याने बघायचे, कारणं अण्णांनी.

"खिळा निघाला ना रॅकचा?" अण्णा म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जाताना तो सैल लागला होता, ठोकायचा राहिला. सुती साडीच परत येत असणार. खालच्या कप्प्यात सुतीच असते." एवढंच. आनंद झाला असेल तर तो काळ्या चष्म्याच्या आत झाला.

"तिसरा मुद्दा," मी म्हटलं. "एक साडी परत आलीय. नोंद अडकलीय. कारण नाही."

"कुठली?"

"सोलापूरची."

अण्णांनी खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

"इतर टाका," ते म्हणाले.

पल्लवीने लॅपटॉपवरून मान वर केली. मलाही नीट ऐकू आलं की नाही अशी शंका आली. "काय टाका?"

"इतर. असू द्या. एखाद्या नोंदीला चालतं."

"अण्णा, इतर म्हणजे पळवाट. तुम्हीच म्हणता."

मी सांगितलं, मी फोन केला होता. त्यांची मान एकदम माझ्याकडे वळली, पण डोळे दिसत नव्हते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते मला सांगता येणार नाही.

"काय म्हणाली?"

"साडीचं काही चुकलं नाही म्हणाली. बाकीचं कारण मी सांगणार नाही. नियम तुमचा आहे. फोन ज्याने करायचा त्याने करावा."

"मला आकडे दिसत नाहीत," अण्णा म्हणाले. "डोळ्यात औषध आहे."

"मी लावून देते."

"आता तिच्याकडे स्वयंपाकाची वेळ असेल."

"कुकर दुपारीच झालाय."

"उद्या बघू."

"उद्याच्या यादीत जागा नाही," मी म्हटलं, आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

रिंग वाजत होती तेवढ्यात अण्णा उठले. सवयीने मोरीकडे वळले, हात धुवायला. अंदाजाने नळ सोडला, फोन एका हातात धरून दुसरा हात धुतला, मग फोन या हातात घेऊन तो धुतला. पंचा सापडेना, म्हणून शर्टाला पुसले. पलीकडून "हॅलो" आलं तेव्हा ते मोरीच्या दारातच, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"नमस्कार," अण्णा म्हणाले. "साडीच्या दुकानातून निकम बोलतोय. फक्त एक विचारायचं होतं."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"साडीचं..." ते म्हणाले आणि थांबले. नळ नीट बंद झाला नव्हता, त्याचे थेंब बादलीत पडत होते. मी उठून तो बंद करणार होते, पण बसून राहिले.

"कशी शे माय?" अण्णा म्हणाले.

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मधूनच "हा" म्हणायचे. मधूनच मान हलवायचे, जशी समोर बसलेल्या माणसासाठी हलवतात. एकदा काळा चष्मा काढायला गेले, डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं असावं, हात तसाच खाली आला.

पल्लवीने लॅपटॉप मांडीवर ओढला. पडद्यावर सोलापूरची नोंद उघडी होती, अजून लाल. ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "वहिनी, कारण काय टाकू?"

"थांब," मी म्हटलं. "अजून बोलतायत."